पाटसचा लोहमार्ग आणि मद्रासचें विमान

पुण्याहून सोलापूरच्या सडकेनें निघालें म्हणजे सुमारें ६० किलोमीटरवर पाटस लागतें. याच बाजूनें जाणारा पुणें ते दिकसाळ लोहमार्ग १५ डिसेंबर १८५८ रोजीं खुला झाला. १८७१ मध्यें तो रायचूरास मद्रासकडील मार्गास मिळाला आणि मुंबई-मद्रास ही सुमारें १२८० किलोमीटरची वाट सलग झाली. पाटसच्या शेतकऱ्यानें मद्रास कधीं पाहिलें नसेल. पण मद्रासची मेल त्याच्या शिवारालगत धडधडत जाऊं लागली.

हेंच अंतर दोन विमानतळांमध्यें सरळ रेषेंत मोजलें तर सुमारें १०३० किलोमीटर भरतें. मात्र नकाशावरील रेघ आणि प्रवासाचा वेळ यांचें नातें श्रोत्यांस वाटतें तितकें सरळ नाहीं.

विलायतेचें हवाई टपाल १९२९ पासून कराचीस उतरत होतें. तें पुढें नेण्यासाठीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं जे. आर. डी. टाटा ‘पस मॉथ’ जातीचें एका एंजिनाचें चिमुकलें विमान घेऊन कराचीहून एकटेच निघाले. वाटेंत अहमदाबादेस पेट्रोल भरलें. त्याचे डबे आले होते बैलगाडींतून! दुपारीं दोनच्या सुमारास ते जुहूस उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं टपाल पुढें नेलें. अंधारांत वाट दाखविणारीं साधनें या मार्गावर नव्हतीं. म्हणून रात्रीं बेल्लारीस मुक्काम, आणि मद्रास दुसऱ्या दिवशीं. इकडे पाटसवरून जाणारी गाडी रात्रींही धांवत असे.

पावसाळ्यांत तर जुहूचें मैदान चिखलांत जाई. मग विमानें व यंत्रकार यांच्यासह सारा बाडबिस्तरा पुण्यास, येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर हलवावा लागे. मुंबईच्या विमानानें घाटावर आश्रय घ्यावा, हें आजच्या मुंबईकरांस थट्टेचें वाटेल! तरीही १९३३ मध्यें या सेवेचीं विमानें सुमारें १,६०,००० मैल उडालीं.

आज मुंबईहून चेन्नईस विमान सुमारें दोन तासांत पोहोंचतें. आगगाडीस अजून जवळजवळ अहोरात्र लागतें. येथें वेगानें बाजी मारली हें खरें. पण त्याच टपालमार्गाचा पहिला टप्पा पाहावा. कराची-मुंबई अंतर अवघें ८७५ किलोमीटर, म्हणजे चेन्नईपेक्षां कमी. आजचें विमान तें दीड तासांत सहज तोडील. परंतु १९४७ मध्यें मधें सरहद्द आली, आणि एप्रिल २०२५ मध्यें दोन्ही देशांनीं परस्परांच्या विमानांना आपलें आकाश बंद केलें. या दोन शहरांमध्यें आज थेट प्रवासी विमान नाहीं. ज्यास जाणें भागच आहे तो दुबईस वळसा घालतो. ८७५ किलोमीटरचे तीन हजारांहून अधिक होतात, आणि दुबईस दुसऱ्या विमानाची वाट पाहण्यांत जे तास जातात, तेवढ्यांत टाटा अहमदाबादेहून निघून जुहूस उतरले असते.