एका व्हॉल्व्हची पाच नावं

मागच्या व्याख्यानानंतर लातूरच्या एका श्रोत्याने विचारलं होतं : वडिलांचा जुना हॅम रेडिओचा अ‍ॅम्प्लिफायर घरात आहे, त्याचा व्हॉल्व्ह गेला, आता तो कुठे मिळेल? जन्मभर तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला हा प्रश्न का, असं काहींना वाटलं असेल. पण हा नाद आम्हाला नांदेडला फार वर्षांपासून आहे, आणि प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे.

हॅम म्हणजे सरकारी परवाना घेऊन, हौसेने बिनतारी यंत्रणा चालवणारी मंडळी. ही हौस कशाला, याचं उत्तर आपल्या भागाला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे मिळालं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा भाग हादरला, आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या दिवसांत बाहेरून आलेल्या हॅम मंडळींनी निरोप पोहोचवण्याचं काम केलं. अशा ठिकाणी नेता येतो तो लहान, बॅटरीवरचा संच. त्याचं ऐकून पुढे कळवणारं केंद्र मात्र दूर शहरात असतं, आणि त्या केंद्राचा आवाज खरखरीतून पलीकडे पोहोचायचा तर अ‍ॅम्प्लिफायर उपयोगी पडतो. हॅम मंडळी त्याला नुसतं ‘लिनिअर’ म्हणतात.

जुन्या लिनिअरमध्ये पुष्कळदा ८१३ नावाचा व्हॉल्व्ह असतो. वीतभर उंचीचा काचेचा दिवाच म्हणा ना. नुसती त्याची तार तापवायलाच दहा व्होल्ट आणि पाच अँपिअर लागतात, म्हणजे पन्नास वॉट! अमेरिकेत तो दुसऱ्या महायुद्धाच्या आधी निघाला आणि युद्धात लष्करी ट्रान्समीटरमधून जगभर गेला. आपल्याकडे १९३९मध्ये हौशी लोकांचे परवाने रद्द झाले, संच जमा करायला लावले. (१९४२च्या भूमिगत काँग्रेस रेडिओची यंत्रणा उभी करण्यात ज्यांचा हात होता, ते नरिमन प्रिंटर याच हौशी मंडळींतले.) युद्ध संपल्यावर लष्कराचा जादा माल भंगारात आला आणि त्यावर आपल्या हॅमची एक पिढी वाढली. पुढे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१मध्ये रेडिओचे आणि १९६७मध्ये ट्रान्समीटरचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. मग ट्रान्झिस्टर आला, आणि एकेक देशातले व्हॉल्व्हचे कारखाने थंडावले. रशिया आणि चीन त्यात बराच काळ टिकले.

आता शोधायचं कुठे? मुंबईचा लॅमिंग्टन रोड सगळे सांगतात. आम्हा नांदेडकरांचा ओढा हैदराबादकडे. निजामाच्या काळापासूनची सवय, दुसरं काय! तिथल्या जुमेरात बाजारात गुरुवारी जुन्यापान्या वस्तूंचा ढीग लागतो. एकदा हैदराबादच्याच एका दुकानात आम्ही ८१३ मागितला. नाही म्हणाले. निघता निघता खालच्या खोक्यात तसाच काचेचा दिवा दिसला, वर रशियन अक्षरं. पहिलं अक्षर उलट्या इंग्रजी एलसारखं. रशियनमध्ये तो ‘ग’. जीयू-१३! म्हणजे रशियन ८१३च. दुकानदार खोटं बोलत नव्हता; त्याच्याकडे वस्तू होती, नाव नव्हतं. न्यायशास्त्रातला पद आणि पदार्थ हा भेद आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवला, पण पटला त्या दुकानात.

याच व्हॉल्व्हला अमेरिकन लष्कर व्हीटी-१४४ म्हणे, फिलिप्स क्यूबी २/२५०, आणि चिनी माल एफयू-१३ म्हणून येतो. ही नावं वहीत लिहून घ्या आणि मगच बाजारात जा. नाव जुळलं तरी पैसे देण्याआधी काच बघा. आत आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. मल्टिमीटरने तार तुटली नाही ना, तेही पाहा. आम्ही एकदा छापील अक्षरांच्या ताजेपणाला भुललो. डाग ठीक, तार ठीक, पण संचात लावल्यावर शक्ती निम्मीसुद्धा निघेना. कुठल्या तरी ट्रान्समीटरमध्ये झिजलेला जुनाच दिवा पुसून, नवं नाव छापून विकलेला होता. तेव्हा शक्यतो चालू संचात लावून दाखवणाऱ्याकडूनच घ्यावा.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या व्हॉल्व्हला लगेच पूर्ण दाब देऊ नका. आधी काही तास नुसती तार पेटती ठेवा. आणि हे कृपा करून हसण्यावारी नेऊ नका : या पेटीत दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये शिल्लक राहू शकतो. जाणकार शेजारी असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

खरी भीती आम्हाला दुसरीच वाटते. हॅमची ती पिढी आता आमच्या वयाची किंवा गेलेली. घरच्यांना माळ्यावरची काच म्हणजे अडगळ. भंगारवाला तांबं आणि लोखंड घेतो, काच तिथेच फोडतो. आमच्या ओळखीच्या एका घरी आम्ही चार दिवस उशिरा पोहोचलो. ट्रान्सफॉर्मर किलोच्या भावाने गेला होता, व्हॉल्व्हचे नुसते सॉकेट उरले होते.

लातूरच्या त्या श्रोत्यांकडे अ‍ॅम्प्लिफायर शाबूत आहे, पण व्हॉल्व्हवरचा आकडा पुसला गेलाय. सॉकेटचा फोटो पाठवायला सांगितलंय. तो आला की यातलं कोणतं नाव शोधायचं, की भलतंच, ते ठरेल.