खनिजविज्ञान
खनिजांचे रासायनिक संघटन, स्फटिकरचना व गुणधर्म अभ्यासणारी भूविज्ञानाची शाखा. विद्यापीठात सुरुवात हातातल्या नमुन्यापासून होते : रंग, चमक, पाटन, कठिनता, कस. यांत रंग सर्वांत फसवा. हेमॅटाइट काळे दिसो वा पोलादी, झिलई नसलेल्या चिनी मातीच्या फरशीवर घासले की रेघ, म्हणजेच कस, तांबडीच उमटते. फ्रीड्रिख मोस यांची 1812 ची कठिनता-श्रेणी अजूनही चालते. ती क्रम सांगते, प्रमाण नव्हे. कॅल्साइटावर (3) चाकूचा ओरखडा उठतो, क्वॉर्ट्‌झ (7) दाद देत नाही. पुढे खडकाचे 0.03 मिमी. जाडीचे काप ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. क्ष-किरण विवर्तनाने अणुरचना उलगडते. महाराष्ट्रातील बेसाल्टच्या पोकळ्या झिओलाइटांसाठी प्रसिद्ध आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीचे निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांकडे पोहोचले आहे.