सार्वजनिक काम आणि ठेका : ठाणे जिल्ह्याची कहाणी



वसंत व्याख्यानमालेत शिवचरित्रावर बोलणारे मिळतात, संतवाङ्मयावर मिळतात, नाटकावर तर रांग लागते. निविदेवर बोलायला मात्र कोणी उठत नाही. विषय रुक्ष आहे हे आम्ही नाकारीत नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले आणि मस्टर, बिले व कोर्टाचे निकाल वाचता वाचता पुष्कळ झाले. त्या वाचनात एक प्रश्न आम्हांला वारंवार भेटला. सरकार एखादे काम स्वतः न करता विकत घेते, तेव्हा ते काम प्रत्यक्ष हातांनी करणाऱ्या माणसाचा मालक कोण? आपले तळवली गाव ज्या ठाणे जिल्ह्यात मोडते, त्या जिल्ह्याच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या काळी निरनिराळी दिली गेली. ती आज आपल्यापुढे मांडावयाची आहेत.

आरंभ १८६३ पासून करू. त्या साली या जिल्ह्यात लोकल फंड जमा होऊ लागला. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे जादा एक आणा, म्हणजे सोळावा हिस्सा. त्याचे दोन भाग पडत. एक रस्ते, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने यांसाठी आणि दुसरा शाळांसाठी. १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे झाली आणि निवडून आलेले सभासद त्यांत बसू लागले. खाडीकाठच्या भातशेतीचा सारा भरणाऱ्या आमच्या आगरी पूर्वजांनी हा आणा भरला, आणि त्याच आण्यातून रस्त्यावर मुरूम टाकण्याचे कामही त्यांच्यासारख्यांनीच केले. मध्ये उभा राहिला तो ठेकेदार.

सार्वजनिक कामाची जी पद्धत तेव्हा पडली, ती मूळच्या सांगाड्यात आजही तीच आहे. आधी अंदाजपत्रक, ते दरसूचीवरून बांधायचे. मग निविदा मागवायच्या. ज्याची रक्कम सर्वांत कमी त्याला काम द्यायचे. त्याच्याकडून अनामत घ्यायची. काम झाले की मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, खोली लिहायची आणि त्यावरून बिल काढायचे. पद्धत वाईट नाही. जनतेच्या पैशाचा हिशेब राहावा, साहेबाने आपल्या मेहुण्याला काम देऊ नये, यासाठीच ती निघाली. पण त्या पुस्तकात खडी मोजली जाते, माती मोजली जाते. माती उचलणाऱ्याला काय मिळाले हे लिहायला त्यात रकानाच नाही. आमच्या मते सगळी कहाणी या नसलेल्या रकान्याची आहे.

ठेकेदार मध्ये नसला म्हणजे सरकार उदार होते, असेही कोणी समजू नये. १८७६-७७ च्या दुष्काळात घाटावर सरकारने कामे काढली. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार मजुरी उतरवली गेली : पुरुषाला रोज एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. उपाशी माणसांनी तेव्हा काय केले? हजारोंनी कामे सोडली. मुंबई इलाख्यातील मजुरांचा हा एक फार जुना संप होय. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. संप म्हणजे गिरण्यांबरोबर आलेली गोष्ट असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

आता आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेकडे जाऊ. डहाणू, तलासरीचा तो मुलूख आज पालघर जिल्ह्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्ह्यातच होता. तेथे सरकार काम विकत घेत नव्हते, जंगल विकीत होते. पण मधल्या माणसाची जागा तीच. जंगल खाते कुपांचा लिलाव करी, सर्वांत वरची बोली करणाऱ्या व्यापाऱ्याला कूप मिळे, आणि झाडे तोडणारा, लाकूड ओढणारा वारली त्या व्यापाऱ्याच्या हाती सापडे. सरकारी तिजोरीत लिलावाची रक्कम आली की सरकारचा संबंध संपला. वारल्याला रोजी काय मिळते, मिळते की नाही, त्याला वेठीस धरले जाते काय, हा 'ठेकेदाराचा अंतर्गत प्रश्न' ठरे. हे शब्द आमचे नाहीत असे कोणी म्हणेल. खरेच नाहीत; आजच्या कचेऱ्यांतून ते आम्हांला रोज ऐकू येतात, म्हणून वापरले.

१९४५ साली किसान सभेच्या झेंड्याखाली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी तेथे चळवळ उभी केली. आधी वेठ नाकारली गेली, मग गवत कापणीच्या दराचा लढा झाला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड व त्याचे साथी मारले गेले. पुढच्या वर्षी लढा कुपांत शिरला आणि जंगलकामाला रोजी किमान सव्वा रुपया ही मागणी पुढे आली. ध्यानात घ्या, मागणी ठेकेदारापुढे होती, पण तिचा धक्का लिलाव करणाऱ्या सरकारला बसला.

त्यानंतर जे घडले ते महाराष्ट्राने जवळजवळ विसरून टाकले आहे. १९४७ साली बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने ठेकेदाराची जागाच काढून टाकण्याचा प्रयोग केला. आदिवासी तोडणाऱ्यांच्या सहकारी संस्था काढावयाच्या आणि कूप लिलावाशिवाय त्यांच्याकडे द्यावयाचे. याच जंगल कामगार सोसायट्या. ठाणे जिल्हा हे या प्रयोगाचे एक मुख्य क्षेत्र होते. आम्ही या सोसायट्यांचे भाट नव्हे. कारभार पुष्कळदा आदिवासींच्या नावाने बाहेरच्या कार्यकर्त्यांनीच चालवला, वही त्यांच्या हाती राहिली, आणि कागदावरचा सभासद कुपात मजूरच राहिला. परंतु एक गोष्ट सिद्ध झाली. लिलाव आणि ठेकेदार हे काही निसर्गनियम नव्हेत. सरकारने ठरवले तर एका आदेशाने ते बाजूला होतात आणि लाकूड तरीही डेपोत येते.

हीच कल्पना पुढे रस्त्यांच्या व इमारतींच्या कामांत आली. सरकारी कामांचा ठरावीक हिस्सा, बराच काळ शेकडा ३३, मजूर सहकारी संस्थांसाठी राखला गेला, तेवढाच बेकार अभियंत्यांसाठी, आणि उरलेला खुल्या स्पर्धेला. पुढे हे प्रमाण बदलले. चांगल्या संस्थाही झाल्या; पण ज्यांच्या हाताला घमेल्याचा घट्टा कधी पडला नाही अशा मजुरांच्या संस्था किती झाल्या, हे प्रत्येक तालुक्याला ठाऊक आहे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.

याच्या उलट उदाहरण रोजगार हमीचे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूरला प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर पसरली, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. या योजनेत ठेकेदाराला मज्जाव होता. मजुरी मोजमापावर, पण सरकारच्या हजेरीपटावर. चुकारे थकले, खोटी नावे लागली, सगळे झाले. तरीही भांडावयाचे कोणाशी हे मजुराला नक्की ठाऊक असे. तहसील कचेरीवर मोर्चा न्यावा आणि उत्तर मागावे. नेमके हेच ठेक्याच्या मजुराला मिळत नाही.

आता घराजवळ येऊ. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्डाचा वारसा ठाणे जिल्हा परिषदेकडे गेला. त्याच दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखान्यांचा पट्टा उभा राहू लागला. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. तिच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागात झालेला लढा आणि त्यातले हुतात्मे आपल्याला सांगावयास नकोत. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली, आणि तळवली, घणसोली, गोठिवली, रबाळे ही गावे एका शहराचे भाग झाली.

ही महापालिका नव्या काळात जन्मली. मुंबईच्या जुन्या महापालिकेत सफाई कामगारांची मोठी कायम फौज होती. येथे सफाई, कचरा वाहतूक, उद्याने, पाणीपुरवठा अशी रोजची कामे मोठ्या प्रमाणावर ठेक्याने सोपवली गेली. खर्च आटोक्यात राहतो, शहर स्वच्छ राहते, असे त्याचे समर्थन होते, आणि शहर स्वच्छ राहिले हे खरेच आहे. हीच महापालिका मोरबे धरणाची मालकीण झाली. धरण स्वतःचे, झाडू मात्र परक्याचा, हे आम्हांला नेहमी गमतीचे वाटते.

ठेक्यातले गणित श्रोत्यांनी एकदा समजून घ्यावे. रस्ता बांधताना ठेकेदार दर कमी भरतो, तेव्हा यंत्र, डांबर, खडी यांत काटकसर करण्याला त्याला वाव असतो. झाडलोटीच्या कामात काय असते? झाडू, गमबूट, हातमोजे आणि माणूस. उदाहरणादाखल समजा, अंदाजपत्रकातल्या १०० रुपयांत ८० रुपये किमान वेतनाचे आहेत. ठेकेदाराने ८५ ची निविदा भरली आणि ती कमी म्हणून मंजूर झाली. मग १५ रुपये कोठून आले? वर त्याचा नफा कोठून आला? कचेरीतला कारकूनही हे गणित बोटांवर करू शकतो, पण निविदा उघडताना ते कोणी करीत नाही. शिवाय किमान वेतन वाढते, महागाईचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, आणि करार मात्र जुन्या दराचा असतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्य सरकारने स्थानिक संस्थांतील किमान वेतन वाढवले, तेव्हा फरकाची रक्कम कोणी द्यायची यावर ठिकठिकाणी हेच भांडण झाले.

आणखी एक चमत्कार. ठेकेदार बदलतो, माणूस तोच राहतो. एका नगरपालिकेत, नाव सांगत नाही, आम्ही अशा बाईची कागदपत्रे लावून दिली जी अठरा वर्षे एकच गल्ली झाडीत होती. कागदावर तिचे सात मालक झाले होते, भविष्यनिर्वाह निधीचे क्रमांकही तितकेच. सलग नोकरी मात्र एकाकडेही पाच वर्षांची नव्हती, म्हणून ग्रॅच्युइटी नाही. त्या सात जणांपैकी चौघांना तिने कधी पाहिलेही नव्हते. हजेरी घेणारा मुकादम मात्र सगळा काळ एकच होता, आणि तो नगरपालिकेचा.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने एक मोलाचा शब्द दिला होता : मूळ मालक. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यावा, असे त्यात स्पष्ट होते. कायम स्वरूपाच्या कामात कंत्राटी पद्धत बंद करण्याचीही तरतूद होती. परंतु ऑगस्ट २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात ठरवले की बंदी झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही. करार निव्वळ दिखाऊ आहे असे औद्योगिक न्यायालयात सिद्ध करावे लागेल. सिद्ध करता येते. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने २७०० सफाई कामगारांसाठी ते केले. २०१४ मध्ये न्यायाधिकरणाने निकाल दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्याच शहरात दत्तक वस्ती योजनेखाली झाडणाऱ्या माणसाला 'स्वयंसेवक' आणि त्याच्या पगाराला 'मानधन' म्हटले गेले आहे. भाषेचा असा उपयोग आमच्या व्याकरणात बसत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९७० चा कायदा त्यांत विसर्जित झाला. नव्या संहितेत आस्थापनेच्या 'गाभ्याच्या कामात' कंत्राटी मजूर लावण्यास मनाई आहे, अर्थात अपवादांसह. आणि गाभ्याचे काम म्हणजे काय याच्या व्याख्येतून झाडलोट, सफाई, कचरा गोळा करणे ही कामे वगळली आहेत. मात्र तेथेच एक अट आहे : ती आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर. आता १९४९ चा महानगरपालिका अधिनियम उघडावा. महापालिकेने जी कामे केलीच पाहिजेत, त्यांच्या यादीत रस्ते झाडणे आणि कचरा उचलणे अगदी आरंभीच येते. तेव्हा महापालिका ही सफाईसाठी स्थापन झालेली संस्था आहे की नाही? आमचे उत्तर होय असे आहे. ठेका देणारे नाही म्हणतील. हा मुद्दा न्यायालयांत झुंजावा लागेल, आणि त्यासाठी लागणारे मस्टर, हजेरीकार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या आजपासून जपून ठेवा असे आम्ही प्रत्येक वस्तीत सांगत आहोत.