रेमसचे रक्त

आपल्या नगराच्या संस्थापकाने सख्ख्या भावाला ठार केले, ही गोष्ट रोमन लोकांनी लपवली का नाही? रोम्युलसची कथा वाचताना आम्हांला हा प्रश्न सतत पडत आला आहे. नदीत सोडलेली मुले, लांडगीचे दूध, गुराख्याच्या घरी वाढलेले राजवंशज हे सारे परिचयाचे आहे. सार्गोन, मोझेस आणि आपला कर्णही पाण्यावरूनच आले. परंतु भ्रातृहत्येवर उभारलेले नगर दुर्मीळच.

व्हारोच्या गणनेनुसार रोमची स्थापना इ.स.पू. ७५३ मधली. ट्रॉयच्या पाडावापासून तिथवर चार शतकांहून अधिक अंतर पडते. ते बुजवण्यासाठी आल्बा लोंगाच्या राजांची एक लांबलचक मालिकाच रचली गेली. १९४८ साली पॅलेटाइन टेकडीवर लोहयुगीन झोपड्यांच्या खांबांची भोके आढळली, तर १९८८ मध्ये आंद्रेया कारांदिनी यांना आठव्या शतकातील भिंतीचे अवशेष. यावरून कारांदिनींनी रोम्युलसला इतिहासात आणू पाहिले. आम्हांला ते पटत नाही. भिंत सापडली म्हणून ती बांधणाऱ्याचे नाव सापडत नाही.

अधिक फलदायी वाट टी. पी. वाइझमन यांनी १९९५ मध्ये दाखवली. त्यांच्या मते रेमस हा कथेत मागाहून आला, तोही उमराव आणि सामान्यजन (पॅट्रिशियन व प्लेबियन) यांच्यात सत्ता वाटली जात असताना. इ.स.पू. ३६७ च्या कायद्यांनी कॉन्सलपद सामान्यांना खुले झाले, इ.स.पू. ३०० मध्ये ओगुल्निउस बंधूंनी पुरोहितपदेही खुली करवली. याच दोघा भावांनी इ.स.पू. २९६ मध्ये लांडगीखाली जुळ्यांच्या मूर्ती बसवल्याचे लिव्ही सांगतो. हा निव्वळ योगायोग मानणे आम्हांला जड जाते. मात्र जुळे सत्तेच्या भागीदारीचे प्रतीक असतील, तर त्यांतल्या एकाला मारायचे का, हे कोडे वाइझमन यांच्या उत्तरानंतरही पुरते सुटत नाही.

यादवी युद्धांच्या काळात होरेसने या रक्तपाताचे मूळ रेमसच्या हत्येत पाहिले. त्याच यादवीतून विजयी झालेल्या ऑक्टेव्हियनला इ.स.पू. २७ मध्ये नवे नाव द्यायचे होते. दुसरा संस्थापक म्हणून ‘रोम्युलस’ हेच नाव काहींनी सुचवले. पण त्या नावाला राजेपणाचा वास होता, आणि रोम्युलसला सिनेटरांनीच फाडून मारल्याची कुजबुजही परंपरेने जपली होती. अखेर प्लांकसची सूचना मान्य झाली: ऑगस्टस.