ट्रकमधील इंजिन नियंत्रण मॉड्यूल : बिघाड व बदली

डिझेल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला किती इंधन, कोणत्या क्षणी आणि किती दाबाने मिळावे हे ठरवणारी संगणकीय पेटी म्हणजे इंजिन नियंत्रण मॉड्यूल. गॅरेजमध्ये तिला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. ॲल्युमिनियमच्या बंद कवचात प्रोसेसर, मेमरी आणि इंजेक्टर उघडणारी सर्किटे असतात. क्रँकशाफ्टची स्थिती, इंधनाच्या रेलमधील दाब, ॲक्सिलरेटर पेडल, पाण्याचे तापमान, टर्बोचा दाब यांची माहिती सेन्सर सतत पुरवतात आणि त्यावरून ही पेटी इंजेक्टरना हुकूम देते. ती निकामी झाली तर इंजिन सुरू होत नाही, चालता चालता बंद पडते किंवा ताकद सोडते. मात्र ही लक्षणे दिसली की पेटीवर जो आळ येतो, तो पुष्कळदा खोटा असतो. दोष वायरिंग, अर्थ किंवा बॅटरीत निघतो आणि नव्या पेटीचा मोठा खर्च वाया जातो.

जुन्या ट्रकमध्ये हेच काम यांत्रिक पंप आणि गव्हर्नर करत. अमेरिकेतील डेट्रॉइट डिझेल कंपनीने १९८५ मध्ये जड वाहनांच्या इंजिनावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणले. जपानच्या डेन्सोने १९९५ मध्ये ट्रकसाठी कॉमन रेल प्रणाली बाजारात उतरवली. भारतात हा बदल सर्वदूर पोहोचला तो प्रदूषणाच्या मानकांमुळे. बीएस-४ मानक १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले, बीएस-६ हे १ एप्रिल २०२० पासून. बीएस-६ ट्रकमध्ये धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे सेन्सर आणि ३२.५ टक्के युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणा आली. या सगळ्यावरचे नियंत्रण पेटीशी जोडले गेले.

वर्धा जिल्ह्यात हा विषय रस्त्यांमुळे रोजचा आहे. नागपूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग ४४ जाम, हिंगणघाट, वडनेर असा जातो. जामच्या चौरस्त्यावर वरोरा–चंद्रपूरचा रस्ता मिळतो आणि तिकडचा कोळसा व सिमेंट याच वाटेने नागपूरकडे येतात. उत्तरेला कारंजा (घाडगे) आणि तळेगाव येथून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. देवळी, वर्धा, सेलू या गावांतून राष्ट्रीय महामार्ग ३६१ जातो. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तोही याच जिल्ह्यातून जातो. हंगामात हिंगणघाट, आर्वी, पुलगावकडच्या कापूस, सरकी आणि सोयाबीनच्या गाड्यांची त्यात भर पडते. पंपाचे काम करणारे जाणते मिस्त्री जिल्ह्यात पूर्वीपासून आहेत. पण कंपनीच्या सॉफ्टवेअरची गरज पडली की पुष्कळ गाड्यांना वर्धा शहरापासून सुमारे ७५ किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. टोचन लावून भरलेली गाडी तिथवर नेणे महागात पडते, म्हणून निदान जागेवरच नीट होणे मालकाच्या फायद्याचे आहे.

निदान. पहिली पायरी म्हणजे पेटीला वीज पुरेशी मिळते का हे पाहणे. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट मिळवतात. इंजिन चालू असताना चार्जिंग साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट असावे. बॅटरी थकलेली असेल तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतके खाली जाते की पेटी त्या क्षणी झोपते, इंजिन फिरते पण पेटत नाही. इथे एका चाचणीवर भर दिला पाहिजे, कारण गॅरेजांत ती सहसा वगळली जाते. मल्टीमीटर लावला की वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो २४ व्होल्टच दाखवतो, कारण मीटर जवळपास करंट ओढतच नाही. म्हणून पेटीचा कपलर काढून तिच्या वीजपुरवठ्याच्या आणि अर्थच्या पिनांवर हेडलाइटचा २४ व्होल्टचा बल्ब लावावा. बल्ब लख्ख पेटला तर वाट मोकळी आहे. मंद पेटला तर फ्यूजची बैठक, रिले किंवा चॅसिसवर गंजलेली अर्थची पट्टी दोषी आहे, पेटी नव्हे. बल्ब लावताना पिनांची भोके ताणू नयेत, नाहीतर नवाच ढिला जोड तयार होतो.

दुसरा फसवा दोष सेन्सरच्या पुरवठ्याचा. पेटी अनेक सेन्सरना ५ व्होल्टची एकच सामाईक वीज देते. त्यातला एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला किंवा त्याची वायर घासून चॅसिसला टेकली की तो पुरवठाच कोसळतो आणि स्कॅनरवर एकदम पाच-सहा सेन्सरचे कोड उमटतात. इतके कोड पाहून पेटीच गेली असे वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी एकेक सेन्सरचा कपलर काढत जावे. जो काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो दोषी. स्कॅनर पेटीशी बोलतच नसेल तर गाडीतील पेट्यांना जोडणाऱ्या कॅन जाळ्याच्या दोन वायरींमधला रोध बॅटरी तोडून मोजावा. जाळ्याच्या दोन टोकांना १२० ओहमचे रोधक असतात, त्यामुळे मीटरवर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रोधक किंवा मधली वायर तुटलेली आहे. वीज, अर्थ, ५ व्होल्ट आणि कॅन या चारही जागा निर्दोष ठरल्या आणि तरी पेटी उत्तर देत नसेल किंवा अंतर्गत मेमरीचा कोड पुनःपुन्हा येत असेल, तरच ती बदलण्याचा निर्णय योग्य.

बिघाडाची कारणे. विदर्भाच्या उन्हाला दोष देण्याची सवय आहे. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो हे खरे. पण इंजिनवर बसणाऱ्या पेट्या साधारण १०५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बांधलेल्या असतात आणि काही इंजिनांत त्या इंधनाच्या प्रवाहाने थंडही ठेवतात. उन्हापेक्षा पाणी आणि वेल्डिंग जास्त घातक आहेत. धुताना प्रेशरच्या पाण्याचा मारा कपलरवर केला की रबरी सील ओलांडून पाणी पिनांपर्यंत जाते आणि तिथे हिरवा गंज धरतो. फाळक्याची बिजागरी किंवा बॉडीचा पत्रा जोडताना बॅटरी व पेटीचा कपलर काढला नाही, तर वेल्डिंगचा करंट अर्थच्या वाटेने पेटीत शिरू शकतो. बॅटरी उलटी जोडणे, जंप स्टार्ट देताना ध्रुव चुकणे, रेग्युलेटर बिघडून अल्टरनेटरने जास्त व्होल्टेज देणे ही आणखी कारणे. सरकी, पेंड, धान्य वाहणाऱ्या उभ्या गाड्यांत उंदीर वायरिंग कुरतडतात. वायरिंगची जखम न बुजवता नवी पेटी बसवली तर तीही त्याच वाटेने जाते.

बदली. काम पाने-पक्कडीचे कमी आणि नोंदींचे जास्त आहे. जुनी पेटी थोडीफार बोलत असेल तर तिच्यातली माहिती आधी वाचून घ्यावी : भाग क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, चॅसिस व इंजिन क्रमांक, चाललेले किलोमीटर आणि तास, वेगमर्यादेची मांडणी, काजळी फिल्टरची स्थिती. इंजेक्टरचे कोड यात विशेष महत्त्वाचे. प्रत्येक इंजेक्टर कारखान्यात तपासला जातो आणि त्याच्या इंधन सोडण्यातला सूक्ष्म फरक कोडच्या रूपाने त्याच्यावर छापला जातो. पेटीला तो कोड न देता गाडी चालवली तर इंजिन खडखडते, धूर देते, आयडलला लंगडते. आणि मग नव्या पेटीलाच नावे ठेवली जातात.

चावी बंद केल्यावर लगेच बॅटरी तोडू नये. बीएस-६ गाडीत युरियाचा पंप नळीतले द्रावण टाकीत परत खेचतो आणि पेटी आपल्या नोंदी साठवते; पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबावे. मग बॅटरीचे ऋण टोक आधी काढावे आणि काम झाल्यावर शेवटी जोडावे. कपलर त्याच्या कुलपाच्या दांडीनेच उघडावा, वायर धरून ओढू नये. पेटीखालचे रबरी बुश आणि अर्थची पट्टी चांगली असेल तर साफ करून जुनीच, नसेल तर नवी लावावी. बुश गाळले की कंपनाने आतले टाके सुटतात. बसवल्यानंतर त्या इंजिनाचे सॉफ्टवेअर भरावे. या कामात बॅटरीला चार्जर लावलेला असावा, कारण अर्ध्यावर वीज कोसळली तर नवी पेटीही निकामी होऊ शकते. पुढे इंजेक्टरचे कोड, चावीची ओळख, पेडल आणि पंपाचे शिकवणे, फिल्टरची खरी स्थिती भरणे ही कामे येतात. शेवटची तपासणी रिकाम्या गाडीवर करू नये. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर कोणताही दोष लपवते. भार घेऊन तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटासारखी चढण चढली की रेलचा दाब आणि टर्बो यांची खरी परीक्षा होते.

जुनी व दुरुस्त पेटी. अपघाती गाडीतून काढलेली पेटी स्वस्त मिळते, पण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांत वेगळ्या अश्वशक्तीचे सॉफ्टवेअर असू शकते, शिवाय चावीची ओळख जुळत नाही. बिघाड पुरवठ्याच्या भागापुरता असेल आणि मेमरी शाबूत असेल, तर मूळ पेटीचा बोर्ड जाणकाराकडून दुरुस्त करून घेणे अधिक शहाणपणाचे. कोड आणि नोंदी जागच्या जागी राहतात.

कायदा. पेटी बदलण्याच्या निमित्ताने युरिया किंवा काजळी फिल्टर बंद करणारे सॉफ्टवेअर भरून देण्याचे प्रस्ताव येतात. त्याने विषारी वायू थेट ढाब्यावर जेवणाऱ्यांच्या आणि रस्त्याकडेच्या वस्त्यांच्या छातीत जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात उत्पादकाने दिलेल्या तपशिलाविरुद्ध फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ नुसार अशा बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

ट्रकमालकांनी गाडी चांगली चालत असतानाच पेटीचा भाग क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि सर्व इंजेक्टरचे कोड सिलिंडरच्या क्रमाने एका कागदावर उतरवून आरसी बुकाच्या पाकिटात ठेवावेत. इंजेक्टर बदलला की त्या कागदावरचा कोडही त्याच दिवशी बदलावा.