दारू पिऊन वाहन चालवणे : कायदा, तपासणी आणि घरच्यांची भूमिका

मालवण, तारकर्ली, देवबागला येणारे बरेच पर्यटक स्वतःच्या गाडीने येतात. मुंबई-गोवा महामार्गाने बांद्यापुढे गेले की गोवा लागतो आणि तिथे दारू स्वस्त मिळते. म्हणून हा विषय सिंधुदुर्गातल्या प्रत्येक घराचा आहे.

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा पकडल्यास कैद दोन वर्षांपर्यंत वाढते आणि दंड १५,००० रुपये होतो.

कोणते उपाय परिणाम करतात?
सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. पुढे लहान गावांसाठी हे अंतर २२० मीटर झाले आणि नगरपालिका हद्दीला सूट मिळाली. पण बाटली गाडीतच असेल, तर दुकानाच्या अंतराचा उपयोग नाही.

आपली मर्यादा कडकच आहे. जागतिक आरोग्य संघटना ५० मिलिग्रॅम सुचवते. खरा धाक असतो तो तपासणी होणारच या खात्रीचा. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये १९८२ पासून कोणत्याही चालकाला थांबवून श्वास तपासू लागले आणि अपघाती मृत्यू घटले. आपल्याकडे कलम २०३ नुसार पोलिसांना संशय आल्यास श्वासचाचणी घेता येते.

‘झोप झाली, आता उतरली’ हे खरे का?
नेहमीच नाही. यकृत साधारणपणे तासाला १५ मिलिग्रॅम इतकेच अल्कोहोल कमी करते. मध्यरात्री १५० मिलिग्रॅम असेल, तर ३० वर यायला सकाळचे आठ वाजतात. कोरी कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची अंघोळ हा वेग वाढवत नाही. शिवाय ३० च्या खालीही झोप आणि प्रतिसादावर परिणाम होतो.

घरच्यांनी काय करावे?
• लग्न, जत्रा किंवा पार्टीला निघण्यापूर्वीच न पिणारा चालक ठरवा.
• प्यायलेल्या व्यक्तीकडून दुचाकीचीही चावी घ्या. वाद घालू नका, मुक्काम करू द्या.
• अपघात झाल्यास १०८ ला फोन करा. जखमीला प्रामाणिकपणे मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे.
• रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद करू नका. हात थरथरणे, भास होणे किंवा झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.