हाईनबुर्गला थांबलेला मित्र

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून करूया.

शुक्रवारची रात्र, साडेनऊ वाजलेले. आमच्या डोंबिवलीकराचा मेसेज आला: "सोमवारी सुट्टी आहे. उद्या ब्रातिस्लावा, परवा बुडापेस्ट. कोण कोण येतंय?" मी व्हिएन्नात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. पेंटेकॉस्टचा सोमवार इथे दरवर्षी सुट्टीचा असतो, आणि आमच्यापैकी कुणालाच ते लक्षात नव्हतं. मी लगेच हो म्हटलं, सोलापूरकरही तयार झाला. मग नागपूरकराचा मेसेज आला: "माझं कार्ड अजून आलं नाही बे."

कार्ड म्हणजे रेसिडेन्स परमिट. जुन्याची मुदत संपलेली, नव्याचा अर्ज वेळेत केलेला. अशा वेळी ऑस्ट्रियात राहायला हरकत नसते, पण नुसत्या अर्जाच्या पावतीवर शेजारच्या देशात जाता येत नाही.

मीच लिहिलं, "अरे, बॉर्डरवर कोण बघतंय?" मी कोल्हापूरचा. आम्ही निपाणीला जातो तेव्हा राज्य बदललं हे पाट्यांवरची लिपी बदलल्यावर कळतं. तसंच हे, असं माझ्या डोक्यात होतं. त्याचं उत्तर आलं: "तुमच्यासाठी ती ट्रिप आहे. माझ्यासाठी भानगड होईल." पुढे थोड्या वेळाने: "हाईनबुर्गपर्यंत येतो. तिथवर ऑस्ट्रियाच आहे ना?"

म्हणून आम्ही नेहमीची तासाभराची थेट ट्रेन सोडली आणि एस-7 लोकल धरली. विमानतळावरून पुढे डॅन्यूबच्या कडेकडेने जाणारी ही लोकल वोल्फ्सटालला संपते. स्टेशनात बघण्यासारखं काही नाही, पुढे रूळच नाहीत. पण हा मार्ग तिथे संपण्यासाठी बांधलेला नव्हता.

1914 साली इथे प्रेसबुर्गर बान सुरू झाली. व्हिएन्ना ते प्रेसबुर्ग, म्हणजे आजचं ब्रातिस्लावा. अंतर साधारण 70 किलोमीटर. आणि इंजिनिअर लोकहो, हे ऐका: दोन्ही शहरांत ही गाडी ट्रामसारखी डीसी विजेवर धावायची, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात एसीवर. म्हणजे वाटेत इंजिन बदलायचं. एवढा खटाटोप कशासाठी? तर प्रवाशाला एका शहराच्या रस्त्यावर चढून दुसऱ्या शहराच्या रस्त्यावर उतरता यावं. दोन्ही शहरं तेव्हा एकाच सम्राटाच्या राज्यात होती, व्हिएन्ना ऑस्ट्रियाच्या भागात आणि प्रेसबुर्ग हंगेरीच्या.

चारच वर्षांत, 1918 मध्ये, ते साम्राज्य कोसळलं. प्रेसबुर्ग चेकोस्लोव्हाकियात गेलं आणि त्याचं नाव ब्रातिस्लावा झालं. गाडी तीच, पण मधे आता आंतरराष्ट्रीय सीमा. दुसऱ्या महायुद्धानंतर थेट गाडी कायमची गेली. 1948 मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांची सत्ता आली आणि सीमेवर काटेरी कुंपण, टेहळणीचे मनोरे, सशस्त्र गस्त उभी राहिली. काही वर्षं तर त्या कुंपणात वीज खेळवलेली होती. लक्षात घ्या, त्याचा पहिला उद्देश बाहेरच्यांना अडवणं नव्हता. आपल्याच माणसांना बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं.

हाईनबुर्गला चौघेही उतरलो. कॉफी झाली. नागपूरकर म्हणाला, "मी त्या टेकडीवर जातो, तुम्ही व्हा पुढे." आम्ही तिघं बसमध्ये बसलो. थोड्या वेळाने चांदण्यांचा निळा बोर्ड खिडकीतून मागे गेला. बस थांबली नाही, कुणी काही विचारलं नाही. मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

ब्रातिस्लावात सेंट मार्टिन कॅथेड्रल बघितलं. तुर्कांच्या आक्रमणामुळे हंगेरीची राजधानी 1536 मध्ये बुडाहून इथे आणली गेली, आणि 1563 ते 1830 या काळात हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक याच चर्चमध्ये झाले. मारिया तेरेसाचाही, 1741 मध्ये. म्हणून त्याच्या शिखरावर क्रॉसऐवजी सोनेरी मुकुट आहे. ज्या शहराला मी व्हिएन्नाशेजारचं छोटं गाव समजत होतो, ते कधीकाळी राज्याभिषेकाचं शहर होतं.

दुपारी डेविन किल्ल्यावर गेलो. मोराव्हा नदी जिथे डॅन्यूबला मिळते, तिथे एका कड्यावर हा किल्ला उभा आहे. 1809 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने तो सुरुंग लावून उडवला, तेव्हापासून त्याचे अवशेषच उरलेत. खाली नदी, आणि नदीपलीकडे ऑस्ट्रिया. कम्युनिस्ट काळात हा काठ कुंपणामागे होता. लोक नदी पोहून, कुंपण कापून पळायचा प्रयत्न करत, आणि त्यात कित्येक मेले. त्यांचं स्मारक किल्ल्याच्या पायथ्याशी आहे.

तेवढ्यात फोन वाजला. नागपूरकर. "मी ब्राउन्सबेर्गवर आहे. किल्ला दिसून राहिला मला." ब्राउन्सबेर्ग म्हणजे हाईनबुर्गची ती टेकडी, डॅन्यूबच्या पलीकडे, अगदी समोर. माणूस एवढ्या लांबून दिसणं शक्यच नव्हतं, तरी आम्ही तिघांनी हात हलवले.

मग मी फोनवरच त्याला 10 डिसेंबर 1989 ची गोष्ट सांगितली. त्या नोव्हेंबरात प्रागमध्ये आणि ब्रातिस्लावात लाखो लोक रस्त्यावर आले आणि सत्ता डळमळली. परदेशी जाण्यावरचे निर्बंध उठले. मग त्या रविवारी ब्रातिस्लावाहून लाखभर माणसं सीमा ओलांडून चालत हाईनबुर्गला गेली. 'नमस्कार युरोप' असं त्या मोर्चाचं नाव. डॅनिएल ब्रुनोव्हस्की या कलाकाराने तर काटेरी तारेचं मोठं हृदय बनवून डेविनच्या काठावर उभं केलं. ज्यांनी आयुष्यभर नदीपलीकडचा ऑस्ट्रिया बघितला होता, ते त्या दिवशी ऑस्ट्रियातून आपला किल्ला बघत होते.

फोनवर क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "म्हणजे मी बरोबर जागी उभा आहे."

आज बस न थांबता जाते, त्यामागे आणखी दोन तारखा आहेत. 14 जून 1985 ला पाच देशांनी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर, आपसातली तपासणी हळूहळू बंद करायचा करार केला. आणि 21 डिसेंबर 2007 ला स्लोव्हाकिया, हंगेरी वगैरे देश त्यात सामील झाले, तेव्हा या रस्त्यावरची तपासणी उठली. म्हणजे ही 'सहज' ट्रिप माझ्याहून वयाने लहान आहे. आणि सीमेवर माणूस उभा नसला तरी नियम असतोच. तो माझ्या खिशातल्या कार्डात होता, म्हणून मला दिसला नाही इतकंच.

बुडापेस्टला आम्ही गेलोच नाही. कुणी ठरवलं असंही नाही. संध्याकाळी हाईनबुर्गला परतलो, नागपूरकर स्टेशनवर बसला होता, आणि चौघं त्याच लोकलने घरी आलो. त्याचं कार्ड तीन आठवड्यांनी आलं. त्याच रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज: "शनिवारी बुडापेस्ट. कोण येऊन राहिलं?"

बुडापेस्टची गोष्ट पुढच्या भागात. तोवर तुमच्या गावाजवळ पूर्वी सुरू असलेली आणि आता बंद पडलेली एखादी वाट असेल, तर आम्हाला नक्की कळवा. भेटूया!